डब्याचा डावा कोपरा

सुट्टी लागली की पुण्याच्या तापकीर गल्लीत व्हिडिओ गेम मागणाऱ्या पोरांची रांग, आजही तेच. म्हणून काउंटरवरच्या मंडळींसाठी आणि पालकांसाठी थोडं.

डब्याच्या पुढच्या बाजूला, खाली डाव्या कोपऱ्यात बघा. लाल चौकोनात १८ असेल तर ते युरोपचं पेगी, म्हणजे गेम कोणत्या वयासाठी ते सांगणारं रेटिंग. काळं-पांढरं 'एम' असेल तर अमेरिकेचं तसंच ईएसआरबी रेटिंग, म्हणजे वय १७ आणि पुढे. पेगीचा डबा असेल तर मग तो उलटा करून चित्रं बघा: मूठ म्हणजे मारामारी, सिरिंज म्हणजे नशा, कोळी म्हणजे भीती. हा आकडा वयाचा आहे, अवघडपणाचा नाही; निम्मे पालक इथेच फसतात.

ब्रिटनमध्ये २०१२ पासून पेगी १२, १६ आणि १८ चे गेम त्याहून लहानांना विकणं गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र कॅलिफोर्नियाचा तसा कायदा सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये रद्द केला, तिथे दुकानदार स्वतःहून ओळखपत्र मागतात. आपल्याकडे गेमला सिनेमासारखं सेन्सॉर प्रमाणपत्रच नाही. त्यामुळे 'काका, दादासाठी हवाय' म्हणणाऱ्याला थांबवायचं की नाही, ते काकांवरच.

जुन्या डिस्कची गोची वेगळी. डबा बदललेला असतो, म्हणून डिस्कवरचं छापील रेटिंग वाचा.

घरी प्लेस्टेशन ५ असेल तर सेटिंग्जमधल्या फॅमिली अँड पॅरेंटल कंट्रोल्समध्ये मुलाचं वेगळं खातं करून वयोमर्यादा लावा. कन्सोलचा मूळ पासकोड ०००० असतो. तो आधी बदला, पोरांना पाठ असतो!