तुम्ही विचारलंत म्हणून : “मेजर, पेन्शन आहे ना, मग?”

लग्नात, दशक्रियेला, कॅन्टीनच्या रांगेत, प्रश्न तोच. पेन्शन चालू आहे, औषधं ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, मिळतात, मग डिसॅबिलिटी पेन्शनसाठी अपिलावर अपील कशाला? वर कुणीतरी म्हणतंच, “ऐकू तर येतं की तुम्हाला!” येतं, समोरासमोर. मागून हाक मारून बघा.

माझी नोकरी तोफेवर गेली, बरीचशी इथेच, देवळालीत. कानात कापूस कोंबून. रिटायर होताना मेडिकल बोर्डाने कान अधू झाल्याचं मान्य केलं, अपंगत्वाचे टक्केही दिले. मग क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र आलं. मुलीने वाचून दाखवलं. सगळा मजकूर आधीच छापलेला. माझं नाव, नंबर आणि आजार तेवढा रिकाम्या जागेत पेनाने भरलेला. आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही. कारण काय, तर सुरुवात पीस स्टेशनला, म्हणजे लढाई नसलेल्या ठिकाणी, झाली. रेंजवर फायरिंग सुरू झालं की भगूरमध्ये तावदानं थरथरतात, आणि मी तर तोफेच्या शेजारी उभा असायचो!

पहिल्या अपिलात मी एवढंच लिहिलं. उत्तरात पुन्हा तेच वाक्य. माझा मुद्दा खोडून काढला असता तरी चाललं असतं, पण त्याचा साधा उल्लेख नाही. कुणी बोलावलं नाही, कुणी कान पुन्हा तपासला नाही.

2013 मध्ये धरमवीर सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच जडला असं धरायचं. आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करायची जबाबदारी जवानाची नाही. तरीही सिद्ध करत बसलोय मीच.

खोटे क्लेम नसतात असं मी म्हणत नाही. वर्दीत असताना कुणी कंबर धरून बोर्डापुढे गेला की मीही हसायचो, आणि त्यातल्या एकदोघांबद्दल आजही माझं मत बदललेलं नाही. डिसॅबिलिटी पेन्शनचे 2023 चे नियम कडक झाले ते अशांमुळेच, असं माझा एक बॅचमेट म्हणतो. त्याला मला धड उत्तर देता येत नाही. पण लबाड कोण हे कळायला तरी समोर बसवून विचारा ना! व्हिडिओवर विचारा. फेटाळायचं तर माझ्या कागदावरचं कारण द्या.

दुसरं अपील टाकलंय. तेही गेलं तर मुंबईला सैन्यदलांचं ट्रिब्युनल, म्हणजे वकील, पंचवटी एक्सप्रेस आणि तारखा. जिंकलो तरी सरकार वरच्या कोर्टात जाऊ शकतं. मुलगी म्हणते लढा. बायको वकिलाची फी विचारते, आणि तिचंही चुकत नाही.