सीडीचं सोंग घेणारा वायफाय डोंगल

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दोन डेस्कटॉप आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय या यंत्रांत नाही. कार्यकारिणीत नवे संगणक घेण्याचा विषय निघाला. मी म्हटलं, पुस्तकांची नोंद, पत्रव्यवहार आणि अधूनमधून एखाद्या पोराचा परीक्षेचा फॉर्म, एवढ्यासाठी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम पुष्कळ झाली. बँकेतून निवृत्त झालेला माणूस फुकटात राबायला तयार आहे म्हटल्यावर ठराव चहा यायच्या आत मंजूर!

मिंट २२ बिनबोभाट बसलं. अडलं ते वायफायवर. राउटर ऑफिसात, संगणक वाचनकक्षात आणि मधली लॅनची वायर उंदरांनी कुरतडलेली. म्हणून तालुक्याच्या दुकानातून नखाएवढा यूएसबी डोंगल आणला. खोक्यावर ठळक अक्षरांत ६०० एमबीपीएस. हा आकडा म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झवरचे १५० आणि ५ गिगाहर्ट्‌झवरचे ४३३ यांची बेरीज, वर थोडी फुगवून. डोंगल एका वेळी एकाच बँडवर चालतो, मग बेरीज कसली करता? बँकेत असा ताळेबंद मांडला असता तर ऑडिटरने तोंडावर फेकला असता.

लिनक्सवर ड्रायव्हर (त्या वस्तूशी बोलणारा प्रोग्राम) शोधताना खोक्यावरचं नाव विसरायचं. मॉडेल तेच राहतं, आवृत्ती बदलली की आतली चिप बदललेली असते. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन घ्या: पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप, दुसरीत रियलटेकची, आणि दोघींचे ड्रायव्हर अगदी वेगळे. विचारायचं ते थेट चिपला. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही) असं लिहिलं की जोडलेल्या प्रत्येक यूएसबी वस्तूचा ओळख क्रमांक येतो: चार अक्षरं बनवणाऱ्याची, चार वस्तूची. संगणकाच्या आत बसवलेल्या पीसीआय कार्डासाठी एलएसपीसीआय.

आमच्या डोंगलचा क्रमांक आला ०बीडीए:१ए२बी. ०बीडीए म्हणजे रियलटेक, इथवर ठीक. पण वायफायचं चिन्ह काही येईना, उलट डेस्कटॉपवर सीडीचं चित्र उगवलं. ग्रंथपाल बाई खुर्चीमागे उभ्या होत्या. "साहेब, ह्यात सीडी कुठली आली?"

प्रश्न अगदी बरोबर होता. असे डोंगल स्वतःच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर घेऊन येतात. लावल्या लावल्या 'मी सीडी ड्राइव्ह आहे' असं सांगतात, म्हणजे विंडोजवाल्याला इन्स्टॉलर तिथेच सापडावा. ड्रायव्हर बसला की सीडीचं रूप टाकून वायफाय कार्ड होतात. लिनक्सला त्या इन्स्टॉलरचा काडीचा उपयोग नाही, त्याला फक्त ते रूप उतरवायचं असतं. हे काम यूएसबी-मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम पुष्कळदा परस्पर करतो. इथे केलं नव्हतं.

पुण्याला इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "मामा, गिटहबवरून कोड उतरवा, मेक करा, इन्स्टॉल करा, झालं." म्हणजे नेटवरून ड्रायव्हरचा कोड आणून घरीच बांधायचा. थांब रे बाबा. आधी फाइल मॅनेजरमध्ये त्या सीडीसमोरच्या इजेक्टच्या बाणावर क्लिक केलं. सीडी गेली. पुन्हा एलएसयूएसबी, आणि आता क्रमांक ०बीडीए:सी८११. ही खरी चिप, आरटीएल८८११सीयू. मिंट २२ च्या ६.८ कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) तिचा ड्रायव्हर मुळातच आहे, आरटीडब्ल्यू८८ या कुटुंबातला. वायफायची यादी आपोआप उघडली, शेजारच्या किराणा दुकानाच्या राउटरसकट. बाहेरून एक ओळही कोड आणावा लागला नाही. मात्र बूट केल्यावर सोंग पुन्हा सुरू होऊ नये म्हणून मोडस्विचला १ए२बी हा क्रमांक दाखवून त्याचा नियम यूडेव्हमध्ये (वस्तू जोडली की काय करायचं ते ठरवणाऱ्या भागात) लिहून ठेवला.

मग बारीकसारीक सेटिंग. वाचनालयात दोन लॉगिन आहेत, एक बाईंचं आणि एक वाचकांचं. वाचकांना वायफायचा पासवर्ड सांगायचा नव्हता, म्हणून कनेक्शनच्या 'जनरल' टॅबमध्ये सगळ्या वापरकर्त्यांना हे नेटवर्क खुलं ठेवणाऱ्या चौकोनात खूण केली. दुसरं म्हणजे नेट मध्येच मलूल व्हायचं. ते पॉवर सेव्हिंगमुळे. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ-डी फोल्डरमध्ये वायफाय पॉवरसेव्हची फाइल असते, तिच्यात ३ चा आकडा असतो, तो २ करायचा. २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. शून्य आणि एक या आकड्यांना वेगळे अर्थ आधीच दिलेले आहेत. आणि डोंगल मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात न लावता पुढच्या काळ्यात लावला. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झवर पडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच कागदावर मांडलंय.

दुसऱ्या डेस्कटॉपवर कुणीतरी आधीच मिंट २१ घालून ठेवलं होतं, कर्नल ५.१५. त्यात या चिपचा ड्रायव्हर नाही, कारण आरटीडब्ल्यू८८ मध्ये यूएसबीची सोय आली ती ६.२ पासून. तिथेही कोड शोधत बसलो नाही. अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूतून ६.८ कर्नल घेतलं आणि रीस्टार्ट केलं. पण नेट नसताना हे उतरवायचं कसं? फोन यूएसबी वायरने जोडायचा आणि टेदरिंग (फोनचं नेट संगणकाला देण्याची सोय) चालू करायचं. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतोच. अँड्रॉइड फोन स्वतः वायफायवर असेल तर डेटा पॅकही खर्ची पडत नाही.

गिटहबचा रस्ता खोटा आहे असं नव्हे. भाच्याच्या स्वतःच्या डोंगलमध्ये आरटीएल८८११एयू निघाली. नावात एकाच अक्षराचा फरक, पण तिला कर्नलमध्ये जागा मिळाली फार उशिरा; ६.१४ मध्ये ती आहे. त्याला बाहेरचा ड्रायव्हर घ्यावाच लागला. माझी अट एकच होती, तो डीकेएमएसमधून बसव, म्हणजे कर्नल बदलला की ड्रायव्हर परस्पर नव्याने बांधला जाईल. बांधला गेला, पण चढेना. पडद्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. लॅपटॉपवर सिक्युअर बूट चालू होतं आणि घरी बांधलेल्या ड्रायव्हरच्या सहीला ते ओळखत नव्हतं. मोकयूटिल नावाचा प्रोग्राम वापरून त्या सहीची किल्ली नोंदवायची, एक तात्पुरता पासवर्ड ठरवायचा, रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो तिथे 'एनरोल मोक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा दहाच सेकंद थांबतो. भाचेसाहेब तेवढ्यात चहा आणायला गेले, सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

त्याला एवढंच बजावलंय की ६.१४ किंवा पुढचं कर्नल घेशील तेव्हा हा ड्रायव्हर आधी डीकेएमएसमधून काढ, नाहीतर एकाच डोंगलवर दोन ड्रायव्हर हक्क सांगतील आणि रात्री अकराला फोन मला येईल.