असू दे

काल दादरहून येताना पिशवी मांडीवर होती आणि डोंबिवलीपर्यंत डोक्यात एकच शब्द. असू दे.

माझी काळी चंद्रकळा साडी वहिनींनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेली होती. रथसप्तमीही होऊन गेली, काल दादरच्या पुलावर भेटून परत दिली. "निरांजन लागलं गं पदराला, कळलंच नाही," म्हणाल्या. त्यांचं पुरतं बोलून व्हायच्या आत मी, "असू दे हो वहिनी, काळ्यावर काय दिसतंय!" वर हसलेसुद्धा. त्यांनी तिळाच्या वड्यांचा डबा हातात ठेवला, मी निघाले.

दिसतंय. हरभऱ्याच्या दाण्याएवढं भोक आहे. बोट फिरवलं की कडा खरखरीत लागते. आई हाच पदर खांद्यावरून घेऊन... जाऊ दे.

राग आला तो घाटकोपर गेल्यावर. मी समजूतदार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय, मग मला वाईट वाटायची सोयच उरली नाही. पूर्वी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. त्या 1.3 किलोमीटरमध्ये असा धडधडाट व्हायचा की हुंदका शेजारणीलाही ऐकू जात नसे. 2022 पासून गाडी मुंब्र्यावरून जाते. काल गच्च डब्यात मी ओढणीने डोळे टिपले तर समोरच्या बाईने न बोलता खिडकीची जागा दिली. तिचं फार बरं वाटलं.

घरी "साडीच तर आहे" हे ऐकावं लागलं. त्याबद्दल आज लिहीत नाही.

रात्री पुन्हा पिशवी उघडली. साडीला इस्त्री होती, मधे मलमलचं फडकं घातलेलं. आणि घडी अशी घातलेली की भोक अगदी वर, उघडल्या उघडल्या दिसेल असं. आत दुमडून दिलं असतं तर मला पुढच्या संक्रांतीलाच कळलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. पुलावर त्यांना अजून काही बोलायचं होतं बहुतेक. मीच "असू दे" म्हणून त्यांचं तोंड बंद केलं. म्हणजे लपवलं ते मी. गोड बोलून लपवलं.

सकाळी फोन केला. "वहिनी, खरं सांगू? साडीचं मला फार लागलंय."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाल्या, "मला रात्रभर झोप नाही गं."

शनिवारी दोघी मिळून रफूवाल्याकडे जाणार आहोत.