पुणे ते गुहागर, व्हाया हरिहरेश्वर आणि दापोली : गाडीत जीपीएस लावावं का?

डिसेंबरात पुणे-ताम्हिणी-माणगाव-म्हसळा-हरिहरेश्वर, तिथून बागमांडल्याच्या फेरीबोटीने वेसवी, मग वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णे, दापोली करत दाभोळ, परत फेरीबोट आणि गुहागर अशी ट्रिप केली. घरातली मोठी माणसं सोबत होती त्यामुळे निवांत. कोकणातली ठिकाणं बऱ्याच जणांना माहीत आहेत, म्हणून त्याबद्दल कमी लिहितो आणि रस्त्याबद्दल जास्त, कारण निघायच्या आधी मला सगळ्यात जास्त हाच प्रश्न पडला होता की किनाऱ्याच्या रस्त्यांवर जीपीएसच्या भरवशावर जावं का.

माझं मत : जरूर लावा. आपण कुठे आहोत आणि पुढे काय आहे हे सांगायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण कुठल्या रस्त्याने जायचं हे कोकणात त्याला ठरवू देऊ नका, ते आदल्या रात्री आपण ठरवायचं आणि सकाळी गावात विचारून पक्कं करायचं.

पहिली गोष्ट, पौड सोडलं की मुळशीच्या पुढे मोबाईलची रेंज जाते-येते आणि ताम्हिणीत तर बराच वेळ नसतेच. लोक म्हणतात रेंज गेली म्हणजे जीपीएस गेलं, तसं नसतं. उपग्रह साधारण २०,००० किलोमीटर उंचीवरून सतत सिग्नल पाठवत असतात, फोन फक्त ते ऐकतो आणि किमान ४ उपग्रहांचे सिग्नल मिळाले की आपली जागा काढतो, त्याला ना सिमकार्ड लागतं ना नेट. नेट लागतं ते नकाशाचं चित्र, ट्रॅफिक आणि नवीन रस्ता शोधायला. म्हणून घरच्या वायफायवर रायगड, रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्याचा ऑफलाइन मॅप डाउनलोड करून निघा. आम्ही तसं केलं होतं, ताम्हिणीत रेंज शून्य असतानाही निळा ठिपका व्यवस्थित पुढे सरकत होता आणि पुढचं वळण उजवीकडे आहे का डावीकडे हे आधीच दिसत होतं, धुक्यात तर याचा फारच उपयोग. फक्त दाट झाडीत किंवा उभ्या कड्याला लागून असताना ठिपका कधी कधी खालच्या वळणावर उडी मारतो, तेव्हा स्क्रीन सोडून रस्त्याकडे बघायचं.

आता गावांच्या नावांचा घोळ, यात खरंच लोक फसतात. वेळास नावाची २ गावं आहेत, एक दिवेआगरजवळ श्रीवर्धन तालुक्यात आणि दुसरं कासवांचं वेळास मंडणगड तालुक्यात, मध्ये सावित्रीची खाडी! मुरूड तर रायगडात जंजिऱ्याजवळ एक, दापोलीजवळ कर्व्यांचं मुरूड दुसरं, आणि लातूर जिल्ह्यात आणखी एक. नुसतं नाव टाईप करून पहिल्या ऑप्शनला हात लावू नका, जिथे राहणार आहात त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागवून घ्या.

फेरीबोटीचं सांगतो. मॅपच्या सेटिंगमध्ये फेरी टाळा असा एक पर्याय असतो, तो चुकून चालू असेल तर बागमांडल्याच्या ऐवजी आंबेत-म्हाप्रळ पुलावरून मंडणगड असा वळसा दाखवतो, आणि दाभोळहून गुहागरला तर थेट दापोली-खेड-चिपळूण करून शंभरच्या वर किलोमीटर, तेच फेरीबोटीने खाडी दहा-पंधरा मिनिटांत पार होते. उलट पर्याय बंद असला की मॅप फेरीबोटीचा वेळ धरतो पण धक्क्यावरची रांग धरत नाही, शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत तासभर सुद्धा थांबायला लागू शकतं. पहिली आणि शेवटची बोट किती वाजता ते आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारा, वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. बोटीवर गाडी रिव्हर्स चढवायला सांगतात कधी कधी, घाबरू नका, तिथली पोरं नीट हात दाखवतात.

केळशी ते हर्णे हा भाग सगळ्यात सुंदर आणि मॅपसाठी सगळ्यात अवघड. त्याला रस्ता दिसतो, रुंदी दिसत नाही. दोन्ही बाजूला चिऱ्याचे गडगे, समोरून एसटी आली की एकाला मागे जावंच लागतं, आणि एका गावात तर मॅप सरळ पाखाडीकडे वळा सांगत होता, पायऱ्यांची पाखाडी! तिथे अंगणात सुपारी वाळत घालणाऱ्या एका काकूंनी आधीच हाताने थांबवलं आणि म्हणाल्या, "गाडी नाय जायची हो तिकडनं, मागे फिरा नि देवळावरनं जा." असं कोणी भेटलं की काच खाली करून दोन शब्द बोला, वेळ वाचतो. मॅपने २ मिनिटं वाचवणारा आतला रस्ता सुचवला तर दुर्लक्ष करा, एसटी ज्या रस्त्याने जाते तोच आपला. आणि पोचायची जी वेळ दाखवतो त्यात किनाऱ्याच्या रस्त्याला निम्मी अजून मिळवा.

किलोमीटरचे दगड पण बघत चला, माथा पिवळा असेल तर नॅशनल हायवे, हिरवा असेल तर स्टेट हायवे. हायवेवर असायला पाहिजे आणि दगड वेगळ्याच रंगाचे दिसायला लागले तर थांबून चेक करा.

येताना गुहागर-चिपळूण-कुंभार्ली घाट-कोयनानगर-पाटण-उंब्रज-सातारा आलो. इथे मात्र मॅप फार कामाचा, उंब्रजला हायवेला लागल्यावर पुढे कुठे ट्रॅफिक अडकलंय ते लाल रेषेने आधीच कळत होतं, आम्ही साताऱ्यात जेवून घेतलं आणि मग निघालो. खंबाटकीच्या बोगद्यात सिग्नल जातो, तिथे ठिपका अंदाजाने चालतो, बाहेर आलं की जागेवर येतो.

फोन डॅशबोर्डवर उन्हात ठेवला तर तापून बंद पडतो, एसीच्या जाळीला लागणारा होल्डर घ्या, चार्जर चांगला घ्या, आणि आवाज चालू ठेवून स्क्रीन शेजारच्याने बघायची. पावसाळ्यात जाणार असाल तर घाट सुरू आहे का हे निघायच्या दिवशी सकाळी बातम्यांत बघा, दरड पडल्याचं मॅपला उशिरा कळतं.