जॅक वर गेला, गाडी तिथंच

गेल्या वर्षी जूनमधे, पाऊस नुकताच सुरू झालेला, उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजला एक एस्टीम आली. 2004 चं मॉडेल, मोटर रॅलीच्या शर्यतीसाठी तयार केलेली. मारुतीनं एस्टीम 2007 ला बंद केली पण बॉडी हलकी आणि इंजिन 1.3 चं, त्यामुळं हौशी पोरं अजून हुडकून हुडकून घेतात. काम काय तर पुढचा डावा शॉकअब्सॉर्बर बघायचा, बास. हेल्परनं दाराखालच्या सिलला, म्हणजे पत्र्याच्या पोकळ पट्टीला, ट्रॉली जॅक लावला, दोनचार दट्टे मारले आणि गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच वर गेला की हो. पापड मोडल्यागत कर्रकन आवाज, आणि भोकातनं लाल चिखल बदाबदा खाली.

सगळे माझ्याकडं बघाय लागले. कारण बरोबर त्याच जागेवर, आतल्या बाजूनं, रोल केजच्या, म्हणजे गाडी पलटी झाली तर आतल्यांना वाचवणाऱ्या पाइपांच्या सांगाड्याच्या, मधल्या कमानीचा पाय उभा आहे आणि त्या पायाची प्लेट पाच वर्षांपूर्वी मी स्वतः वेल्ड केलीय.

केजचा पाय म्हणजे नुसता पाइप पत्र्यावर टेकवायचा नसतो. एफआयए म्हणजे मोटर शर्यतींची जागतिक संघटना, तिच्या नियमात बॉडीवर वेल्ड करायची प्लेट किमान 3 मिलिमीटर जाड आणि 120 चौरस सेंटिमीटरची लागते, म्हणजे गाडी पलटी झाली तर भार पसरतो. मी तेवढी मापात टाकली होती, वेल्डची रेघ पण सुंदर आलेली. आता त्या प्लेटला काय झालं नव्हतं. प्लेट धरणारा पत्राच गायब होता. टोच्यानं टोचलं तर टोचा आरपार.

मग मोबाइलला जोडायचा वायरचा कॅमेरा पोकळीत घातला. ड्रायव्हर पोरगं शेजारीच उभं, ते म्हणालं, "मामा, वरनं तर पेंट चकाचक आहे ओ." वरनं असणारच, वरनं मीच मारलेला. कंपनीत अख्खी बॉडी प्राइमरच्या टाकीत बुडवून काढतात म्हणून सिलच्या पोटात, पिलरच्या, म्हणजे दारांच्या खांबांच्या, पोटात पण प्राइमर पोचतो. आपण बाहेरनं मिग वेल्डिंग मारतो तेव्हा त्या पत्र्याच्या पाठीवरचा तो प्राइमर जळून जातो. पुढनं आपण घासून प्राइमर, पेंट सगळं करतो, पाठीला मात्र जळलेला निळा उघडा पत्रा तसाच, आणि तिथं हात जात नाही, ब्रश जात नाही, नजर पण जात नाही. पाच वर्षांपूर्वी मला हे माहीत नव्हतं असं नाही. घाई होती, केज बसवून गाडी द्यायची होती, आतनं कोण बघतंय म्हणून सोडून दिलं. हे खरं सांगतोय.

पण मग उजव्या बाजूला कॅमेरा घातला आणि डोकं चालायचं थांबलं. तोच मी, तेच मशीन, त्याच दिवशीचं वेल्डिंग, तीच चिकमगळूरची लाल माती खाल्लेली गाडी, आणि उजवीकडं नुसता वरवरचा तांबूस गंज. घासला की जाईल असा. डावीकडंच का मग?

खाली सरपटत जाऊन बघितल्यावर कळलं. डाव्या सिलच्या खालच्या कडेला कधीतरी दगड बसलेला. कुणीतरी ती कड ठोकून सरळ केली आणि वरनं काळं अंडरकोटिंग, आमच्यात त्याला डांबरच म्हणतात, ते प्रेमानं दोन-तीन थर लावलं. त्यात पाणी खाली जायची भोकं गच्च बुजली. उजवीकडची उघडी होती. रॅलीवरनं आल्यावर ही पोरं प्रेशर वॉशरनं गाडी धुतात, पाणी जोडातनं आत घुसतं, उजवीकडनं ते निघून जायचं आणि डावीकडं चिखल पाणी धरून बसायचा, ओल्या पोत्यासारखा. एक मिलिमीटरपेक्षा पातळ पत्रा, त्यात पाठ उघडी, किती तग धरणार. घमेलंभर माल निघाला आतनं.

केज काढून पत्रा कापायला सुरुवात केली. पोरग्यानं मला एक गोष्ट सांगितली नव्हती, की त्यानंच महिन्यापूर्वी कॅव्हिटी वॅक्सचा, म्हणजे पोकळीत गंज धरू नये म्हणून मारायच्या मेणाचा, एक अख्खा कॅन बी-पिलरच्या, म्हणजे दोन दारांमधल्या खांबाच्या, भोकातनं आत मारलेला. चिखलावर वॅक्स, त्याचा उपयोग शून्य, पण कापायची ठिणगी आत गेल्यावर वॅक्सनं आपलं काम दाखवलं. सीटबेल्टच्या खाचेतनं जाळ बाहेर. मला गॅरेजचा आग विझवायचा सिलिंडर आठवलाच नाही, गाडीतलाच उपसला आणि खाचेत मारला. पांढरी पावडर सगळीकडं, पोरग्याच्या केसात पण. वर ते म्हणतंय, "मामा, तो भरून घ्यायला लागणार, स्क्रूटिनीला, रॅलीआधीच्या तपासणीला, बघत्यात." भावा, गाडी राहिली ते बघ आधी.

तेव्हापासनं मी गाडी हातात घेतली की पहिला प्रश्न हाच, आत काय मारलंय का.

नवीन तुकडा शेजारच्या फोल्डिंगवाल्याकडनं वाकवून आणला. एकावर एक बसणाऱ्या कडांना वेल्डिंगचा झिंक प्राइमर, मग वेल्ड, गार होऊ दिलं, मग लांब नळीनं पोकळीत इपॉक्सी प्राइमर, जोडांना सीलर, पेंट, आणि वॅक्स सगळ्यात शेवटी. त्यासाठी दाराच्या रबराखाली, केजच्या पायापासनं लांब, दोन भोकं पाडली आणि नंतर रबरी बूच लावले. नळी टोकापर्यंत घालायची आणि फवारत सावकाश मागं ओढायची, टोकाला चारी बाजूनं उडणारा नोझल असतो. उजवीकडं पण धुऊन, दोन दिवस वाळवून, तसंच केलं.

आमचे वस्ताद सिलमधे जळकं ऑइल मारायचे. पत्रा टिकायचा खरा, पण खालचे रबरी बुश फुगून जायचे. हल्ली काहीजण सिलमधे पीयू फोम, म्हणजे फवारल्यावर फुगून कडक होणारा फेस, भरतात, बॉडी कडक होते म्हणून. फोमच्या कडेनं पाणी शिरलं की ते परत बाहेर येत नाही, माझ्या गॅरेजला ते काम मी करत नाही. आणि गंज कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर लावायचं रसायन, गंजाच्या पापुद्र्यावरनं मारणाऱ्यांना काय बोलायचं, वरचा थर काळा होतो आणि खाली कार्यक्रम चालूच.

केजच्या पायाचे पैसे मी घेतले नाहीत, पोरगं द्यायला लागलं होतं.

गाडी गेली. आठवड्यानं रात्री साडेदहाला फोन, आवाज घाबरलेला. "मामा, गाडीखाली तपकिरी थेंब पडलेत ओ, दोन्ही बाजूला. काय लीक होतंय?"

म्हटलं, दिवसभर उन्हात लावलेलीस काय? हो म्हणाला. म्हटलं वॅक्स हाय ते, पातळ होऊन भोकातनं गळतंय. फरशी पुसून घे आणि झोप. भोकाला हात लावू नको.