चढावर तुटणारी मालगाडी: चुंबकी कपलिंगचा छडा

गेल्या नोंदीत माझ्या मॉडेल रेल्वेसाठी कॅसलरॉकचा (कर्नाटक-गोवा सीमेवरचा) रेल्वे घाट प्लायवूडवर उभा करून थांबलो होतो. चढ खऱ्या घाटासारखाच ३७ ला १ ठेवलाय, म्हणजे ३७ पुढं गेलं की १ वर. वाघिणी (मालडबे) एकमेकींना जोडणारी कपलिंगं चुंबकाची आहेत. सपाटीवर १४ वाघिणी सुरेख धावत होत्या, पण चढाला लागल्या की अर्धी गाडी इंजिनासोबत वर आणि उरलेली गडगडत खाली. महिनाभर रोज रात्री हेच.

पहिला संशय अर्थातच चुंबकावर. ३ मिमी व्यासाच्या, १ मिमी जाडीच्या चकत्या आहेत, त्या जोरच धरत नसतील असं वाटलं. मोठे चुंबक मागवणार होतो, पण त्याआधी एक हिशेब मांडला. माझी १:८७ ची, म्हणजे खरीच्या ८७ पट लहान, वाघीण ९० ग्रॅमची. १४ वाघिणी म्हणजे १२६० ग्रॅम, त्याला ३७ नं भागलं की पहिल्या कपलिंगवर नुसत्या चढाची ओढ ३४ ग्रॅम. चाकांचं घर्षण आणि वळणाची ओढ वेगळी. एवढं तर या चकत्यांनी हसत पेलायला हवं. मग तुटतं कुठं?

इथं एक गोष्ट सगळ्यांनी करून बघावी. गाडी दुसऱ्या आणि तिसऱ्या वाघिणीच्या मध्ये तुटत होती. तिसरी वाघीण काढून शेवटी लावली. पुन्हा चढ. आता पाचव्या-सहाव्याच्या मध्ये तुटली. पुढची जागा धड राहिली, म्हणजे दोष जागेचा नव्हता, त्या त्या कपलिंगचा होता. शेपटाला ओढ कमी, म्हणून कमजोर कपलिंग तिथं गप्प बसतं.

मग २८ च्या २८ कपलिंगं तपासली. एक कपलिंग उलटं टांगायचं, त्याला दुसरं चिकटवायचं, खाली दोऱ्यानं प्लास्टिकची वाटी बांधायची आणि सुटेपर्यंत तिच्यात पितळी नट टाकत जायचे. लोखंडी नट नकोत, ते चुंबकाकडे झेपावतात. सुटलं की वाटी नटांसकट काट्यावर. बहुतेक कपलिंगं दीडशे ग्रॅमच्या पुढं गेली. पाच मात्र चाळिशीतच सुटली.

ही पाच कोणती, ते वहीत सापडलं. अगदी सुरुवातीची. तेव्हा मी चुंबक आधी चिकटवला आणि मग त्याच पितळी पट्टीला तार सोल्डर केली. साधा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढं जोर गमावायला लागतो आणि सोल्डरिंगचं टोक ३०० च्या वर असतं. चुंबक बिचारे आतून मेले होते, दिसायला नवेकोरे. आता सोल्डर आधी, पट्टी पूर्ण गार, मगच चुंबक. एरल्डाइटचा (चिकटवायच्या गोंदाचा) थरही पुसून पातळ करतो आणि चकतीच्या तोंडावर येऊ देत नाही. दोन चुंबकांत कागदाएवढी फट पडली तरी पकड झपाट्यानं उतरते.

हात घातलाच होता, म्हणून दुसरं दुखणंही काढलं. वाघीण उलटी फिरवून लावली की शेजारणीला दूर ढकलायची, कारण एका टोकाला उत्तर ध्रुव आणि दुसऱ्याला दक्षिण. आता प्रत्येक टोकाला दोन चकत्या शेजारी-शेजारी बसवतोय: समोरून बघताना डावीकडं उत्तर, उजवीकडं दक्षिण. समोरासमोर आल्या की एकीची डावी दुसरीच्या उजवीपुढं येते आणि दोन्ही जोड्या ओढतात. वाघीण कशीही फिरवा, जुळतेच. हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा घरातल्या सगळ्यांना हाक मारून दाखवलं.

चकत्या नेमक्या बसवायला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या मित्रानं साचा करून दिला. मी लोखंडी तुकडा घेऊन गेलो होतो. तो म्हणाला, "अरे, ह्यात तुझी चकती अडकून बसणार. अल्युमिनियमचा करतो, थांब." चकत्या एकाच गठ्ठ्यातून काढायच्या, वरच्या तोंडाला लाल मार्करचा ठिपका. डावीला ठिपका बाहेर, उजवीला आत.

आपल्याकडचा पाऊस बघता आणखी एक: निकेलचा मुलामा उडालेली चकती वापरू नका. आतून गंजते आणि भुगा होतो. कडेला नेलपॉलिशचा एक हात पुरतो.

११ वाघिणी झाल्या, ३ बाकी. काल पूर्ण गाडी चार वेळा घाट चढली, एकदाही तुटली नाही. मग खऱ्या घाटात लावतात तसं मागून ढकलणारं इंजिन लावलं, तर ४५७ मिमी त्रिज्येच्या वळणावर चकत्या एकमेकींवरून बाजूला घसरल्या आणि दोन वाघिणी रुळाखाली. ओढताना चुंबक पुरे, ढकलताना टेकायला काहीतरी हवं. पुढच्या रविवारी चकत्यांच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे छोटे बफर लावून बघतो.