आमची वाटचाल : पडून असलेल्या उपकरणांचं पोर्टल

एका सरकारी प्रयोगशाळेत चालू स्थितीतला सेंट्रिफ्यूज (नमुने गरगर फिरवून घटक वेगळे करणारं यंत्र) कपाटामागे पडून असतो आणि त्याच खात्याची दुसरी प्रयोगशाळा जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारपेठेवर, तसाच नवा मागवत असते. या दोघींची गाठ घालून देणारं वेब अ‍ॅप्लिकेशन आम्ही पुण्यात बसून बांधलं, याचा आम्हाला अभिमान आहे.

नको असलेल्या सरकारी वस्तूंची विल्हेवाट कशी लावायची, हे केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधले नियम 217 आणि 218 सांगतात. वस्तू अतिरिक्त ठरवा, कारण नोंदवा, जीएफआर 10 हा अहवालाचा नमुना भरा. अंदाजित किंमत दोन लाखांच्या वर असेल तर निविदा किंवा जाहीर लिलाव. पण टेम्पोत माल चढण्याआधी खात्यातच कुणाला हवा आहे का, हे विचारायची सोय आमच्या गिऱ्हाइकांकडे नव्हती.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एका प्रयोगशाळेच्या भांडारपाल बाई. आम्ही बारकोडची लेबलं घेऊन गेलो तेव्हा त्यांनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक लेबल खसाखसा घासलं. कागदाचं फाटलं, छपाईच्या वॅक्स (मेणाच्या) रिबनची शाई कापसावर आली. पॉलिएस्टरवर रेझिन रिबनने छापलेलं तेवढं टिकलं. "हेच लावा," म्हणाल्या. आजही आम्ही तेच लावतो.

शोधयंत्राचा पायाही त्यांचाच. एकाच वस्तूची नोंद कुठे ऑसिलोस्कोप (विद्युत लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र), कुठे सीआरओ, कुठे नुसतं स्कोप. आमच्या डेटाबेसचं, पोस्टग्रेएसक्यूएलचं, पीजी-ट्रायग्राम हे जोडसाधन तीन-तीन अक्षरांचे तुकडे जुळवतं, त्यामुळे स्पेलिंगच्या चुका ते पकडतं. पण सीआरओ म्हणजेच ऑसिलोस्कोप हे त्याला कोण सांगणार? ती समानार्थी यादी बाईंनी जेवणाच्या सुट्टीत बसून लिहून दिली.

मग आलं एक दुसरं कार्यालय. त्यांनी डेमो मागितला, पुन्हा मागितला, स्क्रीनचे फोटो घेतले. बिड निघाली तेव्हा एक कंपनी आमच्या निम्म्या दरात एल-वन, म्हणजे सर्वात कमी दराची, ठरली. त्यांच्या स्क्रीनवर आमच्याच रकान्यांची नावं, आमच्याच क्रमाने! फक्त वस्तू दिल्यावर देणाऱ्याच्या नोंदवहीतून वजा आणि घेणाऱ्याच्या नोंदवहीत जमा, हा व्यवहार त्यात नव्हता. तो नसेल तर लेखापरीक्षणात भांडारपाल अडकतो. हे आम्ही लेखी कळवलं. उत्तर आलं नाही.

त्याच कार्यालयाकडे आमचं आधीच्या डेटा-सफाईचं बिल अडकलं होतं. टॅक्स इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीचं पक्कं बिल, त्यांनी आधी मागून घेतलं, पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही मात्र मार्च उलटला तरी नाही. पैसे आले नसले तरी 18 टक्के जीएसटी आम्हाला भरावाच लागला. पगारासाठी घरचं सोनं गहाण पडलं, आमच्याकडे काम करणारी दोन मुलं नोकरी सोडून गेली. तेव्हा बाईंच्या प्रयोगशाळेचा देखभाल करार आणि त्यांनी मिळवून दिलेला समाधानकारक कामाचा दाखला, एवढ्यावर आम्ही तगलो. पुढची कामं त्या दाखल्यावरच मिळाली.

या धंद्यात नवे असाल तर ऐका. पूर्णत्वाचा दाखला हातात येईपर्यंत प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिलच, द्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, काम घेण्याआधी करा. लघुउद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा 2006 चं कलम 15 गिऱ्हाइकाला पैसे चुकवायला जास्तीत जास्त 45 दिवस देतं, आणि उशीर झाला तर कलम 16 रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आमची मुद्दल उशिरा का होईना, आली. व्याजासाठी समाधान या थकबाकीच्या तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर केलेला अर्ज अजून चालू आहे आणि तो आम्ही मागे घेणार नाही.